बनावट दस्त

मोडी कागदांचे रुमाल सोडण्या-बांधण्यात ३२ वर्षे काढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके फिरू लागले, तर तो प्रथम जुन्या शाईलाच दोष देतो. मीही तेच केले. पण पुढे ते ठिपके आभाळावरही दिसू लागले, तेव्हा नेत्रवैद्याकडे जाणे भाग पडले.

निदान झाले युव्हायटिसचे, म्हणजे डोळ्याच्या अंतर्भागातील दाहाचे. आपल्याकडे अशा दाहामागे क्षयाचा संशय प्रथम घेतात, म्हणून मँटूची चाचणी झाली, छातीचे चित्र निघाले. निष्पन्न काही झाले नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पंधरवड्यात धुके विरळ झाले, आणि मात्रा उतरवताच ते परतले. असे तीनदा होण्यात वर्ष सरले. त्या डॉक्टरांना मी दूषण देत नाही. औषधाने गुण येत असता रोगाच्या नावाविषयी शंका घ्यावी, हे सुचणार तरी कोणाला?

दुसऱ्या तज्ज्ञ बाईंना ते सुचले. “काका, डोळा कधी लाल झाला? दुखला? उजेड सोसवेना असे झाले?” यांतले काहीच झाले नव्हते. मला एकदम दफ्तरातली गोष्ट आठवली: बनावट सनदेवरचा शिक्का बहुधा हुबेहूब असतो, शेवटी मोर्तब नसते, तिथे ती सापडते.

त्यांनी उलगडून सांगितले की, लिंफोमा नावाच्या कर्करोगाच्या पेशी डोळ्यातल्या पारदर्शक द्रवात तरंगत राहून दाहाचे सोंग घेतात, आणि स्टेरॉइडने त्याही काही काळ मरतात. सबब आलेला गुण हा दाहाचा पुरावा नव्हेच. पुरावा हवा तर गोळ्या बंद करून धुके पुन्हा दाटू द्यायचे! ते काही आठवडे मला सर्वांत जड गेले. वर्तमानपत्राच्या ओळी गेल्या, मग मथळे गेले, अखेर पत्नीचा चेहराही केवळ आवाजावरून पुरा करावा लागे. आणि हे सारे आपण आपल्या संमतीने घडू देत आहोत, ही जाणीव रात्री झोपू देत नसे.

शस्त्रक्रियेने तो द्रव काढला. त्या पेशी लवकर नासतात, म्हणून नमुना हातोहात प्रयोगशाळेत रुजू करण्याची तजवीज आधीच केलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या आकाराच्या बी-पेशी दिसल्या. शिवाय इंटरल्यूकिन-१० हे द्रव्य इंटरल्यूकिन-६ पेक्षा अधिक भरले, साध्या दाहात बहुधा याच्या उलट असते. हा रोग निम्म्याहून अधिक रुग्णांत मेंदू गाठतो, म्हणून एमआरआय झाला. तो निर्मळ निघाला.

डोळ्यात मेथोट्रेक्सेट टोचतात, प्रत्येक वेळी अवघे ४०० मायक्रोग्रॅम. हे औषध १९४० च्या दशकात अमेरिकेत ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले, ते यल्लाप्रगडा सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे, हे कळल्यावर सुईचे भय कमी झाले असे नाही, पण ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले खरे.

माझे सारे कागद पत्नीने लाल रुमालात बांधले आहेत. फेरिस्त मात्र केलेली नाही. दर तीन महिन्यांनी त्यात एमआरआयचा नवा कागद पडतो.