मातीचे मावळे, नरडाण्याच्या वाटेवर

धुळ्याहून शिरपूरकडे निघालेल्या प्रवाशाच्या मागे सोनगीरची टेकडी पडली, की मुंबई-आग्रा महामार्गाच्या दोन्ही अंगांना तापीखोऱ्याची काळी जमीन उलगडू लागते. कापसाच्या या मुलखात, शिंदखेडा तालुक्यात, नरडाणा वसले आहे. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा करीत अमळनेर-जळगावकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. जवळच औद्योगिक वसाहत उभी आहे. धुळे-नरडाणा या नव्या रेल्वेमार्गाची पायाभरणी फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. रस्ता आणि रूळ दोन्ही दाराशी असलेले हे गाव. तरीही दिवाळीच्या आठवड्यात अशा गावच्या व्यापाऱ्याला उंबरठा ओलांडता येत नाही.

कारण उघड आहे. धनत्रयोदशीपासून गिऱ्हाईक दुकानाची पायरी सोडत नाही. कापसाची वेचणी सुरू झालेली असते. शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला की वर्षाची उधारी वसूल होण्याचे दिवस हेच. अमावास्येला वहीपूजन, त्याच रात्री प्रभू महावीरांचे निर्वाणकल्याणक, प्रतिपदेला गौतमस्वामींच्या केवलज्ञानाचे स्मरण, पुढे चार दिवसांत ज्ञानपंचमी. घरातील एखाद्या वृद्ध श्राविकेने छठ्ठ केलेला असला, तर तिच्या पारण्यापर्यंत सून घराबाहेर पडत नाही. पुण्यात स्थायिक झालेल्या भाऊबंदांचे ‘यंदा तरी किल्ले पाहायला या’ हे बोलावणे येते आणि वहीच्या पानांत राहून जाते.

राहून जाते ते काही थोडे नसते. पुण्यात दिवाळी जवळ आली की कसब्यातील कुंभारवाड्यात आणि ठिकठिकाणच्या पदपथांवर मावळ्यांचा बाजार भरतो. लाल-केशरी पागोट्यांचे, ढाल-तलवार घेतलेले पायदळ, तुतारी फुंकणारा, तोफेच्या गाड्याशी उभा गोलंदाज, घोडेस्वार, आणि या सर्वांहून वेगळ्या टोपलीत जपून ठेवलेले सिंहासनाधिष्ठित महाराज. शेजारीच गवळण, वासुदेव, नांगरधारी शेतकरी आणि गुहेच्या तोंडाशी ठेवायचा वाघ. वाड्यांच्या अंगणांत, सोसायट्यांच्या फाटकांशी मुले दगड, विटा आणि चिखलात बुडवलेले गोणपाट रचून राजगड, तोरणा, प्रतापगड उभे करतात. कुणी परातीत पाणी भरून मधोमध सिंधुदुर्ग वसवते. प्रमाणाचे भान कुणालाच नसते. मावळा महादरवाजाहून उंच, आणि वाघ बुरुजाएवढा. त्यात काही बिघडत नाही. कित्येक मंडळे स्पर्धा घेतात, आणि संध्याकाळी पणत्या लागल्या की दहा-बारा वर्षांचा किल्लेदार छडीने माची, बालेकिल्ला, चोरवाट दाखवीत येणाऱ्या-जाणाऱ्याला इतिहास सांगू लागतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यांतला बागलाणातील साल्हेर तर खानदेशच्या शेजारचाच.

खेळण्यातले शिपाई मांडून माणसे जमविण्याची हौस आपल्याकडचीच आहे असे नाही. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याची रीत काढली आणि हे खेळणे सामान्य घरांच्या आवाक्यात आले. त्यांचे संग्राहक आजही इंग्लंड-अमेरिकेत ठरलेल्या दिवशी एकत्र जमतात, टेबलांवर पलटणी मांडतात, अदलाबदल करतात, आणि ज्या मित्राला येता आले नाही त्याच्यासाठी छायाचित्रे व एखादा शिपाई घेऊन जातात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली अशा छोट्या लढायांच्या नियमांचे पुस्तकच लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे बरे, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले.

वेल्सची ही गोष्ट जैन घरात अधिक खोल जाते. शस्त्र घेतलेली बाहुली आणून मुलाच्या हाती द्यावी काय, हा प्रश्न खानदेशातल्या आजीबाईंना पडतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथातील यशोधर राजाची कथा व्याख्यानातून अनेकांनी ऐकलेली असते. राजाने देवीपुढे खरा कोंबडा मारला नाही, मातेच्या आग्रहावरून पिठाचा केला आणि त्यावर शस्त्र चालविले. तेवढ्या संकल्पाने राजा मोराच्या आणि माता कुत्र्याच्या जन्माला गेली, आणि पुढेही जन्मामागून जन्म त्यांना भटकावे लागले. पीठ निर्जीव होते; भाव निर्जीव नव्हता. मग मातीचा शिपाई निर्दोष कसा म्हणावा?

उत्तर किल्ल्याच्या खेळातच शोधावे लागते. दिवाळीच्या किल्ल्यावर लढाई होत नाही. मावळे पहाऱ्यावर उभे राहतात, एवढेच. त्यांना पाडणे तर दूरच, हात लावण्याचीही बंदी असते, आणि पाहुण्यांच्या लहान मुलाने तोफ उचलली तर किल्लेदार रडकुंडीला येतो. रचणे आणि राखणे, हाच या खेळाचा सगळा व्यवहार. अळीव-मोहरी पेरून कोंब काढण्याऐवजी काही घरांत हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा पसरतात. कोवळा अंकुर अनंतकाय मानला जातो, त्याची जाणीव मुलालाही या निमित्ताने होते. भुश्याचा उतार अळिवाइतका टवटवीत दिसत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे.

अडचण येते ती शेवटच्या दिवशी. सण सरला की काही आळ्यांत किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवितात. आठवडाभर ज्याला हात लावू दिला नाही, त्याच्या ठिकऱ्या उडताना टाळ्या पडतात. नेमकी हीच दृश्ये भ्रमणध्वनीवरून सर्वांत वेगाने फिरतात, आणि नरडाण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसापर्यंत पुण्यातल्या किल्ल्याची पहिली झलक पोहोचते ती त्याच्या स्फोटाची. आपल्या शास्त्राने करणे, करविणे आणि अनुमोदणे अशा तीन वाटा सांगितल्या आहेत. न गेलेल्याला दुरून जे दाखविले जाते, त्याची तो अनुमोदनाच करीत असतो. चांगल्याची केली तर पुण्याचा वाटेकरी, वाइटाची केली तर त्याचाही. फटाके न वाजविण्याचे पच्चक्खाण घेतलेल्या मुलाला तो स्फोट पाठविताना पाठविणाऱ्याने क्षणभर थांबायला हवे.

नरडाण्याहून सैन्याचा खरा अर्थ समजून घ्यायला फार दूर जावे लागत नाही. तापी ओलांडली की शिरपूर तालुक्यात, नदीच्या उत्तर काठावर थाळनेर आहे. फारुकी सुलतानांच्या काळी नावारूपाला आलेले हे ठाणे. मंदसौरच्या तहाने खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपची फौज येथे आली. किल्लेदार तुळशीराम मामा शरण आला होता. पण आतल्या दरवाजाशी बोलणी चालू असताना गैरसमज झाला, चकमक उडाली, दोन इंग्रज अधिकारी पडले. त्यानंतर शिबंदीतील सुमारे ३०० माणसे कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिले. आज तेथे ढासळलेला तट आणि खाली संथ वाहणारी तापी आहे. थाळनेरचा किल्ला दिवाळीत कुठे रचलेला दिसत नाही. रचला तर सांगणाऱ्या मुलाला ही गोष्टही सांगावी लागेल.

न गेलेल्यांपर्यंत यात्रा कशी पोहोचवावी, याची रीत मात्र समाजाला नव्याने शिकायची नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी कार्तिक पौर्णिमा येते. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी खुली होते आणि पालिताण्याला भाविकांची रीघ लागते. ज्यांना जाणे होत नाही, त्यांच्यासाठी गावोगावचे मूर्तिपूजक संघ शत्रुंजयाचा पट उभारतात. श्रावक-श्राविका त्यासमोर जाऊन चैत्यवंदन करतात, भावयात्रा करतात. या पटाची मांडणी लक्ष देऊन पाहावी. चित्रकाराने केवळ आदिनाथ दादांचे शिखर रंगविलेले नसते. तळेटी असते, वळणावळणाने चढणारी पायऱ्यांची वाट असते, वाटेतल्या देऱ्या, कुंडे, नऊ टूंका आणि चढणारे इवलेसे यात्रेकरू असतात. पाहणाऱ्याची नजर पायथ्यापासून निघते आणि दमादमाने वर जाते. म्हणूनच घरी राहिलेल्या वृद्धेला आपण चढून आलो असे वाटते.

त्याच पौर्णिमेशी द्राविड आणि वारिखिल्ल यांची कथा जोडलेली आहे. ऋषभदेवांच्या वंशातील हे दोघे सख्खे भाऊ राज्यासाठी अफाट सैन्य घेऊन एकमेकांसमोर उभे ठाकले. पावसाळा आला, युद्ध थांबले; त्या सक्तीच्या विसाव्यात त्यांना उपदेश लाभला, शस्त्रे खाली गेली, आणि दहा कोटी मुनींसह ते शत्रुंजयावर कार्तिक पौर्णिमेला सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. पटासमोर हात जोडणाऱ्याच्या मनात त्या दिवशी एका थांबलेल्या सैन्याची आठवण असते.

पुण्याच्या किल्ल्यांची हकिगत नरडाण्याला कळवायची तर ती पटासारखी कळवावी. कुंभारवाड्यात मावळ्यांची निवड कशी झाली, कोणाचे नाक पुसट निघाले, चिखल कोणी तुडविला, पहिला बुरुज रात्री का खचला आणि दुसऱ्या दिवशी गोणपाट कसे घातले, येथपासून सुरुवात करून मग पणत्या लागलेला गड दाखवावा. वीस छायाचित्रे एकदम ओतण्यापेक्षा रोज एक पाठविले तर दुकान बंद झाल्यावर घरची मंडळी त्याभोवती बसतात. आणि किल्ला उतरवायचा दिवस आला, की मावळे एकेक उचलून, पुसून, कागदात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवतानाचे चित्र पाठवावे. पुष्कळ घरांत प्रत्यक्षात असेच होते. त्याचा आवाज होत नाही म्हणून ते फिरत नाही, एवढेच.

नरडाण्याच्या मुलांनी स्वतःचा किल्ला करायचाच तर राजगडाच्या मागे लागू नये. दिवसातून शेकडो गाड्या ज्याच्या पायथ्याने जातात, तो सोनगीर त्यांच्या वाटेवरच आहे: लांबट टेकडी, माथ्यावर तटाचे अवशेष, खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. किल्ल्याखाली मावळ्यांच्या बरोबरीने एक तांबट ठोकत बसविला, तर परीक्षकांनी त्याला वेगळे गुण द्यायला हरकत नाही. बाजारात तांबटाची बाहुली मिळत नाही. ती घरीच करावी लागेल.

भाऊबीज आटोपून पुण्याहून गाडी परतते, तेव्हा पिशवीत फराळाच्या डब्याखाली एखादा मावळा असतो. मातीच्या मावळ्याचे सर्वांत नाजूक अंग म्हणजे तलवारीचे पाते. धुळ्याच्या आधीच ते मोडते. कापसात गुंडाळून आणला तर कदाचित टिकेल, आणि कापसाला खानदेशात तोटा नाही. लाभपंचमीला नव्या वहीवर पहिला सौदा लिहिला जातो, त्या वेळी हा मावळा ढाल सावरून गल्ल्यामागच्या फळीवर उभा असतो, आणि आईच्या बोटाला धरून आलेली मुले साखर-तेलाचे सोडून त्याचीच किंमत विचारतात.