जामच्या घाटाचा चढ

इंदूरहून महू ओलांडून दक्षिणेस निघाले की माळव्याचे पठार जाम दरवाजापाशी एकाएकी संपते. अहिल्याबाई होळकरांनी १७९१ साली बांधविलेल्या या भक्कम दरवाजातून पाहिले असता खाली निमाडचा सखल मुलूख पसरलेला दिसतो. इंदूरची उंची सुमारे ५५० मीटर, महेश्वरची जेमतेम १५०. त्यामुळे नर्मदेकडे जाताना गाडी सुखाने उतरते. तिची खरी परीक्षा होते ती परतीच्या चढावर.

आमची जुनी अँबॅसडर या चढावर दोन उन्हाळे अडली. निम्म्या घाटात काटा तांबड्या खुणेपाशी जाई आणि वाफेचे लोट निघत. या जातीच्या गाड्यांची निर्मिती २०१४ साली थांबली, तेव्हा गाडी विकून टाकावी, असे आप्तेष्ट सुचवू लागले. पण ती आतोबांनी हौसेने घेतलेली, आणि ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाईंना महेश्वरचा घाट पुन्हा एकदा पाहायचा होता, तो याच गाडीतून.

जाणकार म्हणत, “थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत तो हवा कशाला?” हा उपाय आपल्याकडे सर्रास होतो, पण आम्हांस तो पटेना. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन व रेडिएटर यांमधला दरवाजाच. त्यातील मेण सुमारे ८२ अंशांस वितळून फुगते आणि झडप उघडते; तोवर ती बंद राहून इंजिनाला लवकर ऊब आणते. तो काढला तर माळव्याच्या थंडीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल अधिक जाते आणि झीजही वाढते.

आम्ही तो काढून, दोऱ्याने टांगून, पातेल्यातील पाण्यात तापविला. शेजारी तापमापक धरला. पाणी नव्वदीपार गेले तरी झडप मिटलेलीच! वयाने मेणाची कुपी निकामी झाली होती. नवा थर्मोस्टॅट आणला आणि त्याच्या कडेच्या चकतीला तीन मिलिमीटरचे एक भोक पाडून, ते वरच्या अंगास येईल असा बसविला. त्यातून अडकलेली हवा निसटते, आणि गरम पाण्याची बारीक धार सतत वाहत राहिल्याने मेणाला वेळेवर ऊन लागते. भोक मोठे पाडले तर मात्र इंजिन तापण्यास विलंब लागतो. त्याच वेळी रेडिएटरही धुऊन घेतला व पंख्याचा पट्टा ताणला. कारण तुंबलेल्या रेडिएटरपुढे कोणताही थर्मोस्टॅट हतबल ठरतो.

चैत्रात आत्याबाईंना घेऊन निघालो. महेश्वरी त्यांनी नर्मदेची ओटी भरली. मंडलेश्वरावरून परतताना दुपारच्या उन्हात घाट लागला, तेव्हा सर्वांची दृष्टी काट्यावर होती. तो मध्याच्या किंचित वर चढला आणि तेथेच स्थिरावला. दरवाजापाशी विसाव्यास थांबलो, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “आता कार्तिकातही येऊ.”

जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते: तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये, आणि एखादा भाग काढून फेकण्यापूर्वी तो तेथे कशासाठी बसविला आहे, हे जाणून घ्यावे.