अंगावर उचल नाही

29 मे 2024, बुधवार

काल पालघर स्टेशनात मालगाडी घसरली, लोखंडाच्या कॉइल रुळांवर पडल्या, म्हणून आज डहाणू लोकल बंद. बीडहून रात्रभर एसटीने कल्याण, तिथून दिवा, दिव्याहून मेमूने वसई, पुढे कशीबशी विरार. फलाटावर माणसं पिशव्यांवर बसून होती. ताईला, म्हणजे मावसबहिणीला, फोन केला. ती म्हणाली, "हायवेला ये, मनोरकडं जाणारी गाडी धर, चिल्हार फाट्याला उतर." फाट्यावरून बोईसरपर्यंत सहा आसनी रिक्षात आम्ही अकरा जण होतो.

दिवेलागणीला सालवडला पोचले. चाळीतली एक खोली, त्यात ताई, भावजी आणि त्यांची लेक. महिनाभर इथं, मग मुलींच्या खोलीत जागा बघायची असं ठरलंय. हवेत औषधाच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखा वास आहे. ताई म्हणाली, आठवड्यात कळायचा बंद होतो.

बारावीचा निकाल 21 तारखेला लागला. 68 टक्के. अण्णा म्हणाले, मुकादम दसऱ्याआधी उचल वाटेल, तोवर स्थळ बघू, म्हणजे नवा कोयता तयार. रागानं बोलले नाहीत. आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि पोरीचं लग्न ठरलं की गावात असाच हिशोब होतो. आजी मधे पडली. "एक साल जाऊ द्या तिला," म्हणाली. प्रवासाचे पैसे तिनंच दिले.

3 जून, सोमवार

पहिला दिवस. औषधाची कंपनी, पॅकिंग खातं, ठेकेदाराकडून. गेटपासवर फोटो. आत शिरताना चप्पल बाहेर, डोक्याला टोपी, अंगात गाऊन, पायात कव्हर. बांगड्या, टिकली, नखं, काही चालत नाही. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं येतात, ती माहितीच्या कागदासह खोक्यात घालायची. बॅच नंबर पुसट दिसला तरी बाजूला काढायचं. आठ तास उभं राहून पोटऱ्या भरून आल्या, पण फडात ऊस बांधून मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढणं काय असतं ते मी मायबरोबर चौथीपर्यंत पाहिलंय. त्यानंतर गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं आणि आजीनं मला ठेवून घेतलं. ते नसतं तर माझ्या हातात आज ही वही नसती.

23 जून, रविवार

पाऊस. भावजींनी टीव्ही लावला होता, मी हिशोब करत बसले.

जानेवारीत शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं तोडणीचा दर वाढवला. टनाला 273 होता, तो 366 झाला. 34 टक्के वाढ. अण्णांनी तेव्हा पेढे आणले होते. आज मी मांडून बघितलं: लाखाची उचल 366 रुपयांनी फेडायची तर 273 टन ऊस तोडावा लागतो. अण्णा आणि माय मिळून दिवसाला दोन टन तोडतात, तेही पहाटे चारला उठून. म्हणजे साडेचार महिने. अख्खा हंगाम. आजारपण, पाऊस, कारखाना बंद, या सगळ्याचा खाडा वेगळा, आणि खाड्याचे पैसे उलटे कापतात. हंगाम संपतो तेव्हा थोडी बाकी राहतेच, ती पुढच्या उचलीत मिसळते. दर वाढला की मुकादम उचलही वाढवून देतो, म्हणून वाढीचा पेढा खाऊनही आम्ही तिथंच राहिलो.

मला वाटतं ऊसतोडीतलं खरं दुखणं कष्टांपेक्षा या उलट्या क्रमात आहे. पैसा आधी येतो, लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यात संपतो आणि मग माणूस राबायला निघतो. तेव्हा त्याला थांबता येत नाही, आजारी पडता येत नाही.

मायची गर्भपिशवी तिच्या तिसाव्या वर्षी काढली. महिन्याचे चार दिवस खाडा नको म्हणून. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीड जिल्ह्याची पाहणी आली: 82,309 ऊसतोड बायका, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली. शाळेत मास्तरांनी हा आकडा वर्तमानपत्रातून वाचून दाखवला होता. वर्गात बसलेल्या आम्हा निम्म्या पोरींच्या आया त्यात होत्या. कुणीच काही बोललं नाही.

10 जुलै, बुधवार

पगार. माझ्या नावावरच्या खात्यात. फोनवर मेसेज आला तो मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवला.

पगार झाला की पगाराची चिठ्ठी मागून घ्यायची, हे पॅकिंगमधल्या मावशींनी शिकवलं. त्या शिरपूरच्या, पंधरा-वीस वर्षांपासून इथं. दोन तारखा कमी भरल्याचं त्यांना नजरेनंच कळतं. त्यांनी एकेक रकाना बोट ठेवून सांगितला. पीएफचे 12 टक्के आपले कापतात, तितकेच मालकानं भरायचे, त्यातले 8.33 पेन्शनमध्ये जातात. ईएसआयचे आपले पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन. "कापलेत म्हणजे भरलेत असं समजू नको, पोरी. यूएएन नंबर घे आणि फोनवर बघत जा." आधीच्या एका ठेकेदारानं त्यांचे दोन वर्षांचे कापले आणि भरलेच नाहीत. त्या पीएफ कार्यालयात हेलपाटे घालून भांडल्या आणि निम्मे तरी मिळवले.

मायला फोन केला. तिला म्हटलं, काम झाल्यावर पैसे मिळाले. ती हसली. "असं बी असतंय व्हय?"

28 जुलै, रविवार

मुलींच्या खोलीत आले. चौघी. एक नंदुरबारची, दोघी जव्हार-विक्रमगड बाजूच्या. जव्हारची माझ्याच वयाची, वारली. पट्ट्यावर तिचा हात माझ्या दुप्पट चालतो.

मला वाटायचं की परगावची मी, ती इथली. रात्री भाकरी थापताना कळलं, तिचे आईबाप भातकापणी झाली की भिवंडीकडं वीटभट्टीवर जातात. भट्टीवाला शेठ आधी पैसे देऊन ठेवतो, मग पावसाळ्यापर्यंत सगळं घर चिखल तुडवतं. मी विचारलं, "मागं काय उरतं?" तिनं पिठाचा हात झाडला. म्हणाली, "पुढच्या सालचं कर्ज." आम्ही दोघी गप्प झालो. चारशे किलोमीटर लांबचं माझं घर मला तिच्या बोलण्यात सापडलं.

14 ऑगस्ट, बुधवार

आज पालघरला गेले होते, मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या फॉर्मसाठी. हुतात्मा स्तंभावर फुलं वाहायला गर्दी होती. 14 ऑगस्ट 1942 ला इथं चले जावच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. मोरे, चुरी, पागधरे, ठाकूर, तिवारी. नावं वाचताना तिवारी या आडनावाशी थांबले. आमच्या चाळीत रोज कुणीतरी कुणाला "तुम्ही बाहेरचे" म्हणत असतं.

फॉर्म भरला. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र.

17 ऑगस्ट, शनिवार

मायच्या खात्यात 'लाडकी बहीण' योजनेचे दोन महिन्यांचे 3,000 आले. तिनं स्वतः अंगठा न देता सही करून काढले, असं तिनं तीनदा सांगितलं.

30 ऑगस्ट, शुक्रवार

पंतप्रधान पालघरला आले, वाढवण बंदराचं भूमिपूजन. 76,000 कोटींचं काम. कंपनीत सगळे बोलत होते की पोरांना नोकऱ्या लागतील. आमच्या घरमालकीण काकू माहेरच्या डहाणूच्या किनाऱ्यावरच्या, मच्छीमार. त्यांनी सकाळपासून दंडाला काळी फीत बांधली होती. "आमच्या जाळ्याची जागा जाणार, आणि पोरं तुमच्यासारखी गेटपास लावून उभी राहणार," म्हणाल्या. जवळच्या अणुऊर्जा केंद्राचं त्यांनी सांगितलं: पहिलं 1969 साली सुरू झालं, आणि पुढं त्याचा विस्तार करताना अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. मी इथं पोट भरायला आले, त्यांचं इथलं सुटत चाललंय. त्यांना काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. त्यांच्या हातची बोंबलाची चटणी घेऊन वर आले.

4 सप्टेंबर, बुधवार

शनिवारी गणपती. ठेकेदाराचा माणूस सुट्टीत येऊन म्हणाला, "घरी पैसे पाठवायचे असतील तर ॲडव्हान्स घ्या, पगारातून वळते करू. दहा हजारांपर्यंत." बऱ्याच जणींनी नावं दिली.

मला हवे होते. पावसानं घराची मागची भिंत बसलीय, धाकट्याला परळीच्या वसतिगृहात ठेवायचंय, त्याला गादी-पेटी लागते. नाव द्यायला हातही वर जात होता. मग अण्णांची वही आठवली. मुकादमाच्या सहीखाली त्यांचा अंगठा, आणि खाली दरवर्षी वाढत जाणारा आकडा. ॲडव्हान्स घेतला की ही कंपनी सोडता येणार नाही, ओव्हरटाइमला नाही म्हणता येणार नाही, चिठ्ठीतलं कमी-जास्त विचारता येणार नाही. मी म्हटलं, "मला नको."

रात्रभर झोप नाही. भिंत डोळ्यांपुढं.

8 सप्टेंबर, रविवार

काकूंच्या चाळीत बायकांची भिशी आहे. मी जुलैपासून महिन्याला हजार भरते. आज चिठ्ठ्या काढल्या. नंबर लागला जव्हारच्या मैत्रिणीचा. तिनं चिठ्ठी उघडली, वाचली आणि माझ्यासमोर सरकवली. "तू आधी घे. माझं नोव्हेंबरला काम आहे, तोवर पुरतं."

हेही पैसे हातात आधीच आले आणि फेडायचे पुढं आहेत. मग मुकादमाच्या पैशात आणि यांत काय फरक? दिवसभर विचार केला. या बारा जणींत कुणीच कुणाची मालकीण नाही. उद्या मी कंपनी बदलली तर भिशीला त्याचं काही नाही. पैसे देताना कुणी माझ्या पायांवर हक्क सांगितला नाही.

संध्याकाळी धाकट्याला पैसे पाठवले.

10 ऑक्टोबर, गुरुवार

ग्रंथालयातून आणलेलं गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' संपवलं. 1970 सालचं पुस्तक. इथूनच तासा-दोन तासांवरच्या तलासरी-डहाणूची हकीकत. त्यात लग्नगडी आहेत. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडं जन्मभर राबायचे. 23 मे 1945 ला झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. आणि आजच्याच तारखेला, 10 ऑक्टोबर 1945 ला, तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड त्यात गेले.

मैत्रिणीला पानं वाचून दाखवली. गांगड नाव तिच्या आजोबांकडून ऐकलेलं होतं, तलवाडा तर तिच्या मामाच्या वाटेवर. "शाळेत का नाही शिकवलं हे?" तिनं विचारलं. मग ती बराच वेळ लग्नगड्यांचं पान परत परत काढायला सांगत होती.

लोक मला म्हणतात, कष्टानं माणूस घडतो. सुपरवायझर सर तर कौतुकानं म्हणतात. मला ते पटत नाही. कष्टानं घडायचं असतं तर माझी माय एव्हाना कुठल्या कुठं असती. मला आजीनं ठेवून घेतलं, गावात वसतिगृह होतं, मावशींनी चिठ्ठी वाचायला शिकवली, एकीनं आपला नंबर दिला. हे ज्यांना मिळालं नाही ते माझ्यापेक्षा कमी कष्टाचे नव्हते.

3 नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

घरी आलेय. मुकादम सकाळी ओट्यावर येऊन बसला. कारखाने 15 तारखेला सुरू होणार, गाडी कधी भरायची विचारायला. अण्णांनी दसऱ्याला उचल घेतलीय, मला फोनवर सांगितलं नव्हतं. पण वही उघडल्यावर आकडा निम्माच निघाला.

"अर्धा कोयता लिहिलाय," अण्णा म्हणाले. "तुझी माय यंदा येणार नाही. तिची कंबर गेलीय."

मुकादम म्हणाला, एकट्याला टोळीत कोण घेणार. अण्णा म्हणाले, नाही घेतलं तर नाही. अण्णांना मुकादमाशी असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. दर महिन्याला माझ्याकडून येणारी रक्कम मोठी नाही, भिंतसुद्धा पूर्ण उभी राहिलेली नाही. पण ती येते, आणि ती फेडायची नसते. आजीनं मुकादमाला चहा दिला आणि साखर मुद्दाम जास्त घातली.

24 नोव्हेंबर, रविवार

अण्णा 20 तारखेला मत देऊन रात्रीच्या ट्रकनं कर्नाटकात गेले. माय गावात, आजीबरोबर. पहिल्यांदाच ती थंडीत आपल्या घरात झोपतेय. फोनवर म्हणाली, दिवसभर करमत नाही, तुरीला राखणीला जाते.

जव्हारच्या मैत्रिणीचे आईबाप भिवंडीला भट्टीवर गेले. भिशीचा नंबर या महिन्यात माझा होता, तो मी तिला दिला. त्यातून तिनं शेठचे गेल्या वर्षीचे राहिलेले थोडे फेडले. सगळे फिटले नाहीत. पण धाकट्या बहिणीला तिनं भट्टीवर जाऊ दिलं नाही, परवा इथं घेऊन आली. नऊ वर्षांची आहे. खोलीत आता पाच जणी, काकूंनी भाडं वाढवलं नाही.

पोरीकडं शाळेचा दाखला नाही. गावच्या गुरुजींनी शिक्षण हमी कार्ड दिलंय. कायद्यानं शाळेला वर्षात केव्हाही घ्यावं लागतं, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. हे मी मुक्त विद्यापीठाच्या वर्गात एका बाईंना विचारून पक्कं केलं. मैत्रिणीला उद्याची सुट्टी मिळाली नाही. मी मावशींशी पाळी बदलून घेतलीय. अकरा वाजता जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरीला घेऊन जायचं आहे. तिनं आत्ताच विचारलं, तिथं दुपारी खिचडी मिळते का. मिळते म्हटलं. तर म्हणाली, मग मला पेन्सिल पण लागेल.