हिवरे बाजार : पाण्याचा हिशेब ठेवणारे गाव

नगर शहरापासून साधारण 17 किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण एस.टी.त आमच्या तोंडी ‘नगर’च होते. आम्ही दोन कुटुंबे मुलाबाळांसह मार्च महिन्यात तिथे गेलो. मार्च मुद्दाम निवडला. श्रावणात कोणतेही गाव हिरवे दिसते. पाण्याची खरी परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होते.

हा सारा टापू पर्जन्यछायेचा. वर्षाकाठी पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. 1972 च्या दुष्काळानंतर हे गाव पार खचले होते. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसे मजुरीसाठी शहरांकडे गेली, मागे राहिली ती भांडणे आणि दारू. 1989 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि श्रमदानातून डोंगरउतारावर समपातळी चर, शेतात बांधबंदिस्ती, ओढ्यांवर बंधारे अशी कामे सुरू झाली. आदर्श गाव योजनेची साथ मिळाली. 2020 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही.

आम्हाला पाहायचे होते ते वेगळेच. बंधारा बांधताना उत्साह असतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. दोन वर्षांत त्यात गाळ भरतो आणि मग तो कोणाचाच नसतो. इथे तीस वर्षांनंतरही तो गावाचा कसा राहिला?

उत्तर सिमेंटमध्ये नाही, ग्रामसभेत आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी हे नियम गावाने स्वतःवर लावून घेतले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा त्यातला सर्वांत कठीण नियम. इथली जमीन काळ्या कातळावरची. वरच्या मुरमाच्या थरात मुरलेले पाणी विहिरींना मिळते आणि चांगल्या पावसात ते पुन्हा भरते. खोल बोअर मात्र त्याखालचा जुना साठा उपसते, शिवाय शेजाऱ्याच्या विहिरीचेही पाणी ओढते. ज्याच्याकडे पैसा तो आणखी खोल जातो आणि गरिबाची विहीर कोरडी पडते. ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांनाही गावाने नकार दिला आहे.

पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून पाण्याचे अंदाजपत्रक मांडले जाते. आधी माणसे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग शेती. पाऊस कमी झाला तर रब्बीत काय पेरायचे आणि किती, हे सर्वांसमोर ठरते. हिशेब उघडा असल्यामुळे कुरबुर झाली तरी नियम टिकतो, असे आम्हाला वाटले.

ऐकताना हजरत जुबैर (रजि.) यांचा प्रसंग आठवला. मदीनेत खजुरीच्या बागांना पाणी देणाऱ्या पाटावरून त्यांचा एका अन्सारी शेजाऱ्याशी वाद झाला. वरच्या बाजूला शेत असलेल्याने आपली बाग भिजवून पाणी शेजाऱ्याकडे सोडावे, असा निवाडा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी दिला होता. म्हणजे पाणी आपल्या शेतातून वाहते म्हणून ते आपल्या एकट्याचे होत नाही. स्वतः प्रेषित (स.) वुजू एका मुद्दमध्ये करीत, हे माप लिटरभरही नसते. आमच्या मस्जिदींतील सोडून दिलेले नळ पाहिले की हे कोणाला सांगावे कळत नाही.

हिवरे बाजारमध्ये मुस्लिम कुटुंब एकच, आणि त्या एका कुटुंबासाठी गावाने मस्जिद उभारून दिली, हे वर्तमानपत्रांतून पूर्वीच वाचले होते. पाण्याच्या हिशेबात एका घराचाही वाटा मोजणाऱ्या गावाला नमाजच्या जागेचा हिशेब अवघड गेला नसावा.

आमच्या मंडळींतील बायकांनी मात्र वेगळाच विषय काढला. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाणी समिती असते आणि तिच्यात निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. गावांतर्गत कामाच्या खर्चाचा 10 टक्के वाटा, डोंगराळ भागात 5 टक्के, गावाने पैशाने किंवा श्रमाने द्यायचा असतो. पुढे वीजबिल, मोटारदुरुस्ती, पाणीपट्टी हेही गावाचेच. परतताना एकीने विचारले, आपल्या गावच्या समितीत मोहल्ल्यातील कोण आहे? एसटीत कोणालाच सांगता आले नाही. घरी येऊन चौकशी केली तेव्हा कळले की आमच्यातल्याच एका भाभीचे नाव त्या यादीत होते आणि त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते. त्या आता 1 मेच्या ग्रामसभेला जाणार आहेत, सोबत आणखी चौघीजणी. पहिला प्रश्न त्यांनी लिहून ठेवला आहे: पाणीपट्टी किती जमली आणि मोटार दुरुस्तीला किती गेली?