काचेची बोडी

बरेच दिवस झाले काही लिहून. कारण विचाराल, तर मासे!

लेकीच्या हट्टापायी मागच्या वर्षी चंद्रपूरच्या आमच्या घरात दोन फुटी टाकी आली. दुकानदाराने रंगीत माशांबरोबर सहा कोरीडोरस दिले. दोन इंचांचे, मिशाळ, दिवसभर तळ हुंगत फिरणारे. "हे खालचं सगळं खाऊन साफ करतात, तुम्हाला काहीच करावं लागत नाही," म्हणाला. आळशी माणसाला आणखी काय हवं?

एप्रिलमध्ये लेकीच्या लक्षात आलं, की मिशाळांच्या मिशाच झिजल्यात. उरल्या होत्या त्या लालसर खुंट्या. मी आधी खड्यांना दोष दिला, मग घाबरून मीठ टाकलं आणि वर घरातलं माशांचं औषध, तेही पूर्ण डोस. दोन दिवसांत दोन मासे गेले. लेक रडली नाही, पण टाकीकडे बघेनाशी झाली. ते जास्त लागलं. (मीठ आणि तांबं असलेली औषधं तळाच्या माशांना इतरांइतकी सोसत नाहीत, हे मी नंतर वाचलं.)

त्याच आठवड्यात बाबा आले. आमचं गाव सिंदेवाही तालुक्यातलं. टाकीपुढे खुर्ची टाकून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "अगं, उन्हाळ्यात बोडीतला गाळ काढत होतो ना आपण? तुझ्या या काचेच्या बोडीतला कोण काढते?"

मी हसले. मग खड्यांत पाइप खुपसून पाणी ओढलं, तर बादलीत कोऱ्या चहासारखं पाणी आणि सडका वास!

आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गाळ काढूनच टिकले. तो गाळ शेतात जायचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ही देखभालही विस्कटली. चंद्रपुरातल्या रामाळा तलावासाठी तर २०२१ मध्ये बंडू धोतरे यांना उपोषणाला बसावं लागलं. तलाव वरून दिसतो, मरतो मात्र तळातून.

टाकीचंही तेच. उरलेलं खाणं आणि विष्ठा खड्यांत कुजते, त्यातून अमोनिया होतो, जंतू वाढतात. वरचे मासे वर पोहतात. तळाचा मासा मात्र मिशा त्यातच घालून जगतो, म्हणून आधी तोच आजारी पडतो. तो सफाईवाला नाहीच. त्यालाही स्वतःचं खाणं लागतं.

आता दर रविवारी पाव टाकी पाणी तळातूनच काढते. नवं पाणी दिवसभर बादलीत ठेवून, क्लोरीन उडाल्यावर घालते. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीच्याच पाण्यात पिळते, नाहीतर अमोनिया पचवणारे चांगले जीवाणू मरतात. रात्री दिवा बंद करून बुडणाऱ्या गोळ्या देते, तासाभरात संपतील एवढ्याच. नवा मासा आणला, तर तीन आठवडे वेगळ्या भांड्यात.

आणि मे महिना! पारा ४६-४७ वर, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. कोरीडोरस पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात, आतड्यातून ती वापरतात. अधूनमधून गिळली तर ठीक, सारखी गिळायला लागले की समजायचं, पाण्यात दम नाही. मग झाकण उघडून कूलरची हवा पाण्यावर सोडते. घरातली माणसं घामाघूम, मासे कूलरपुढे!

चार मासे उरलेत. मिशा हळूहळू परत येताहेत. रविवारी पाइप आता लेकच धरते, आणि बाबा फोनवर विचारतात, "बोडी कशी आहे?"

असो. आज रविवार आहे. बादली भरायला हवी.