व्याघ्र आणि इंद्रगोप

अरण्यांत जावयाचें म्हणजे वाघ पाहावयाचा, अशी हल्लींच्या प्रवाशांची समजूत होऊन बसली आहे. ताडोब्याहून परत आलेल्या मनुष्यास जो तो पहिला प्रश्न विचारतो तो "वाघ दिसला कां?" हाच, आणि उत्तर नकारार्थी आलें कीं विचारणाराच्या मुद्रेवर अशी कांहीं सहानुभूति प्रकट होते कीं जणूं बिचाऱ्याचे पैसेच बुडाले! गेल्या जूनच्या अखेरच्या शनिवार-रविवारीं आम्ही तेथें जाऊन आलों. वाघ दिसला, हें खरें. परंतु बरोबर आणलेल्या छायाचित्रांत जें सर्वांत चांगलें उतरलें आहे तें वाघाचें नव्हे. करंगळीच्या नखाएवढ्या एका तांबड्या जीवाचें आहे.

ताडोबा हें चंद्रपूर जिल्ह्यांतील अरण्य. १९५५ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें, १९८६ सालीं त्यास लागून अंधारी अभयारण्य झालें, आणि १९९५ सालीं दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प करण्यांत आला. त्याचा गाभा सुमारें ६२५ चौरस किलोमीटर आहे. तारू नांवाचा एक ग्रामनायक वाघाशीं झुंजतां झुंजतां मरण पावला व पुढें तोच देव मानला गेला, अशी तेथील आदिवासी लोकांची कथा असून तलावाकांठीं त्याचें ठाणें आहे. जेथें वाघाशीं लढून मेलेला मनुष्य देव झाला, तेथें आज मनुष्यांपासून वाघाचें रक्षण करण्यास पहारे ठेवावे लागतात, हा काळाचा महिमा!

गाभ्याचें अरण्य १ जुलैपासून तीन महिने प्रवाशांस बंद असतें. म्हणून अखेरची संधि साधावी असें आमच्या पुतण्यानें ठरविलें. तो नागपुरास एका बँकेंत आहे, आणि सुट्टीच्या दिवशीं त्याच्या गळ्यांत कॅमेरा असतो. त्याचें दूरचें भिंग पाहून, हें मुसळ गाडींत मावणार कसें, अशी चिंता आमच्या कुटुंबानें बोलून दाखविली होती. आमच्यापाशीं होतें तें चिरंजीवांनीं आम्हांस सेवानिवृत्तीच्या वेळीं दिलेलें लहानसें जवळचें भिंग.

या जवळच्या भिंगाचा धर्म ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगतों. किडा मुळांत जेवढा आहे तेवढाच कॅमेऱ्याच्या आंतील पडद्यावर उतरवावयाचा असेल, तर भिंग त्याच्यापासून वीतभराच्याही आंत न्यावें लागतें. मग छिद्र पुष्कळ बारीक केलें तरी जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट आला तर मिशी पुसट, मिशी साधली तर डोळा गेला. वाऱ्याची झुळूक तर राहोच, आपला श्वाससुद्धां शत्रु होतो. त्यामुळें असें चित्र घेणारास जमिनीवर पालथें पडून, श्वास रोधून, किडा आपण होऊन थांबेल तोंपर्यंत वाट पाहात बसावें लागतें. आमच्या वयास हें आसन सुखाचें नाहीं. पण वाट पाहण्याची संवय चौतीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें वदवून घेतांना झालेली होती, ती येथें उपयोगीं पडली.

अरण्याच्या आंत मात्र या भिंगाचा उपयोग नाहीं. तेथें जिप्सी गाडींतून खालीं पाय ठेवण्यास सक्त मनाई असते, आणि ती योग्यच आहे. म्हणून आमचें अरण्य म्हणजे मोहर्लीजवळच्या विश्रामगृहाचें आंगण. शनिवारीं दुपारीं जेवणें झाल्यावर पडवीच्या कडेच्या कोरड्या फुफाट्यांत आम्हांस फनेलाच्या आकाराचे पांच-सहा खळगे दिसले. हे मुंगीसिंहाचे. (मुंग्यांचा सिंह, असा येथें षष्ठी तत्पुरुष घ्यावा.) हा प्राणी अळीच्या अवस्थेंत खळग्याच्या तळाशीं मातींत दडून बसतो. खळग्याची उतरण इतकी अचूक असते कीं मुंगीचा पाय कडेवर पडतांच माती घसरूं लागते. ती वर चढूं पाहील तर हा डोक्यानें तिच्यावर मातीचा मारा करितो आणि आपल्या विळ्यासारख्या जबड्यांत पकडून तिचा रस शोषून घेतो. पुढें त्यासच पंख फुटून तो चतुरासारखा दिसूं लागतो. पुतण्यानें दोन क्षण वांकून पाहिलें व म्हटलें, "काका, हें घरींसुद्धां दिसेल. तीन वाजतां निघावयाचें आहे."

त्या सायंकाळच्या फेरींत गवे दिसले, रानकुत्रीं दिसलीं, आणि पहिल्या पावसानें धुवून निघालेले ऐनाचे वृक्ष दिसले. ऐनाची भेगाळलेली साल सुसरीच्या पाठीसारखी असते. ती ओली झाली म्हणजे तर तो भास पुराच होतो. वाघ नव्हता. जेवतांना पुतण्या फारसा बोलला नाहीं. रात्रीं पाऊस पडला.

रविवारीं पहांटे आम्ही पुन्हां आंत शिरलों. सातच्या सुमारास वानरांचें खेंकसणें व चितळांची हाक ऐकूं आली, आणि आमच्याबरोबरच्या गाइडनें गाडी एका वळणावर उभी करविली. बांबूच्या बेटांत वाघीण बसली होती. हां हां म्हणतां पुढें-मागें मिळून पंधरा-सोळा गाड्या जमल्या. ती उठली, रस्त्याच्या दिशेनें चार पावलें आली, थबकली, आणि परत फिरली. असें दोनदां झालें. तिला रस्ता ओलांडावयाचा होता, आणि रस्ता असा उरलाच नव्हता.

आमची गाडी नेमकी तिच्या वाटेवर होती. म्हणजे चित्र घेण्यास त्याहून उत्तम जागा नव्हती. गाइड तेथल्याच गांवचा, पंचविशीचा तरुण. तो चालकास हळूच म्हणाला, "मागं घे." पुतण्यानें कॅमेऱ्यावरून डोळाही न काढतां म्हटलें, "अहो, एकच मिनिट!" गाइड त्यास म्हणाला, "साहेब, तिचीं पिल्लं पलीकडं आहेत." गाडी वीस-पंचवीस हात मागें आली. मागच्यांनीं कर्णे वाजविले नाहींत, पण बोलूं नये तें बोलले. त्या मोकळ्या झालेल्या जागेंतून वाघीण कोणाकडेही न पाहतां शांतपणें पलीकडे निघून गेली. पुतण्याच्या चित्रांत दोन जिप्सींच्या मधून तिचें मागील अंग व शेपूट आलें आहे.

त्या तरुणानें त्या दिवशीं बक्षिसावर पाणी सोडलें होतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. कारण चित्र मिळालें कीं प्रवाशांचा हात सैल सुटतो. सर्वत्र असे तरुण भेटतात असें नाहीं. २०२४ च्या डिसेंबरच्या अखेरीस उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण व तिचीं पिल्लें यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनीं दोन्ही बाजूंनीं अडविली, आणि त्या प्रकाराची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास आपण होऊन घ्यावी लागली.

शंभर वर्षांपूर्वीं चॅम्पियन नांवाच्या इंग्रज वनाधिकाऱ्यानें शिवालिकच्या रानांत वाघांचीं रात्रीचीं छायाचित्रें घेतलीं, व १९२७ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. त्याची युक्ति अशी : वाघाच्या नेहमींच्या वाटेवर बारीक तार लावून ठेवावयाची, वाघाचा पाय तिला लागला कीं प्रकाश पडून चित्र निघे. आज व्याघ्रगणनेसाठीं रानोरान जे कॅमेरे बांधतात, ते याच रीतीचे वंशज होत. दोन वाघांचे पट्टे कधीं सारखे नसतात, म्हणून अशा चित्रांवरून एकेक वाघ ओळखतां येतो. २०२२ च्या गणनेंत भारतांत निदान ३१६७ वाघ असल्याचें ठरलें. वाघाच्या खऱ्या उपयोगाचीं चित्रें हीं अशीं, आणि तीं निघतात त्या वेळीं तेथें कोणीही नसतो, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें.

साडेदहाला परत आलों तों आंगणांतील ओल्या मातीवर कुंकवाचे थेंब सांडावे तसे मृगाचे किडे फिरत होते. संस्कृत कवींचे इंद्रगोप ते हेच. कालिदासाच्या ऋतुसंहारांतील वर्षावर्णनांत ते आलेले आहेत. मखमलीसारखें मऊ तांबडें अंग, आणि पाय आठ. म्हणून प्राणिशास्त्राप्रमाणें हा कीटक नव्हे, कोळ्यांचा आप्त. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखालीं घालवितो व पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. स्पर्श केला तर पाय आंखडून मेल्याचें सोंग घेतो. विश्रामगृहांतील दुसऱ्या एका सद्गृहस्थांनीं, त्यास उचलून हिरव्या पानावर ठेवल्यास चित्र अधिक खुलेल, अशी सूचना केली. त्यांचें म्हणणें रंगसंगतीच्या दृष्टीनें बरोबर होतें. पण पाय आंखडलेला इंद्रगोप म्हणजे तांबडा मणी, आणि मणी तर सराफाच्या दुकानांतही मिळतो! आम्हीं तरट अंथरलें व त्याच्या वाटेच्या बाजूस पालथे पडलों. पाऊण तासानें तो एका ढेकळावर चढला, पुढचे दोन पाय उचलून त्यानें हवेंत चांचपून पाहिलें, आणि तें चित्र आम्हांस मिळालें.

उठून पाहतों तों पुतण्या पडवीच्या कडेला मुंगीसिंहाच्या खळग्याशीं कोपरें टेकून पडला होता. मुसळ बाजूस ठेवलेलें. "काका, तुमचें भिंग द्या जरा," तो मान वर न करतां म्हणाला. एक मुंगी खळग्याच्या काठावरून तीन वेळां येऊन गेली होती, आणि तिला आंत लोटावयाची नाहीं असा त्याचा निश्चय दिसला. एक वाजतां निघावयाचें होतें. निघालों पांच वाजतां. नागपुरास पोहोंचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले आणि घरीं पिठलें-भात निवून गेला होता.