शेवटच्या बाकावरचा पहिला नंबर

फुटबॉलशी माझा संबंध खिडकीच्या काचा फुटण्यापुरताच. पण २०१५ साली आमच्या चिरंजिवांनी बारावीला गटांगळी खाल्ली आणि इंग्लंडातल्या लेस्टर सिटीने आमच्या घरात मुक्काम ठोकला. हा संघ आदल्या हंगामात नाताळाला अगदी तळाशी होता. शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून कसाबसा तगला. नव्या हंगामात तो अजिंक्य ठरेल यावर सट्टेवाले एकास पाच हजार देत होते! वार्डी हा त्यांचा गडी पूर्वी कारखान्यात राबे. त्याने लागोपाठ ११ सामन्यांत गोल केले. रानिएरी हे वयस्क इटालियन गुरुजी तर, गोल खाल्ला नाहीत तर पिझ्झा देईन, अशी पोरांना लालूच दाखवीत. (आमच्याकडे श्रीखंडाचा प्रयोग फसला होता.)

"टिकायचे नाहीत," मी दर आठवड्याला म्हणे. पोरगा मुकाट्याने वर्तमानपत्रातला तक्ता माझ्या पुढ्यात सरकवी. माझे वाक्य लेस्टरबद्दल नव्हते, हे त्याला कळत होते. मला फार उशिरा कळले.

२ मे २०१६. चेल्सीविरुद्ध टॉटनहॅम दोन गोलांनी पुढे. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. "झोप आता," मी म्हणालो. तो हलला नाही. चेल्सीने दोन्ही गोल फेडले, बरोबरी झाली आणि लेस्टर घरबसल्या अजिंक्य झाले! बेलग्रेव्ह रोडवर आपल्या लोकांची दिवाळी जिथे दरवर्षी झगमगते, त्या गावाला ती मे महिन्यातच लाभली.

हिने अडीच वाजता चहा टाकला. बारावीचा निकाल अजून तीन आठवडे दूर होता. मी माझ्या वाटची बिस्किटे चिरंजिवांच्या बशीत ठेवली.